अ‍ॅपमधील सावली: किती, कुठून आणि कशासाठी

दूध उत्पादकांसाठी केलेल्या आमच्या अ‍ॅपची पहिली आवृत्ती करवीर तालुक्यातील एका गावच्या दूध संस्थेत वापरून पाहायला दिली, तेव्हा सकाळच्या संकलनाच्या रांगेशेजारी मी दोन तास उभी होते. पडद्याच्या वरच्या भागात दोन मोठी पांढरी कार्डे होती. एकावर त्या सकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे स्निग्धांश वगळता दुधातील घन घटक), दर आणि रक्कम, तर दुसऱ्यावर आदल्या संध्याकाळचे तेच आकडे होते. दोन्ही कार्डांना मी मोठ्या हौसेने मऊ आणि रुंद सावली दिली होती. त्यांच्या खाली, चौकट नाही आणि सावलीही नाही अशा साध्या निळ्या अक्षरांत, ‘दहा दिवसांचे बिल पाहा’ असे लिहिले होते. रांगेतील बहुतेकांनी आधी कार्ड दाबले. कार्ड केवळ माहिती दाखवण्यापुरते असल्यामुळे अर्थातच काही घडले नाही. एका आजोबांनी तीन-चार वेळा बोट टेकवून पाहिले आणि फोन माझ्यापुढे धरत म्हणाले, “ताई, ह्ये वर आलंय म्हणून दाबतोय, तर काय हुईनाच की.”

‘वर आलंय’ हे त्यांचे शब्द मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवले, कारण माझी चूक त्यात नेमकी सापडली होती. पडदा रिकामा वाटू नये म्हणून मी सावली दिली होती. पाहणाऱ्याने मात्र ती विधान म्हणून वाचली. ही वस्तू जमिनीपासून सुटी आहे, वर उचललेली आहे, म्हणून हिला हात लावला तर काहीतरी होईल, असे ते विधान होते आणि ते खोटे होते. जे खरोखर दाबायचे होते त्याला मी जमिनीवर सपाट पसरवून ठेवले होते. त्यानंतरच्या वर्षभरात आमच्या चार जणांच्या गटाने अ‍ॅपमधील सावलीचा जो अभ्यास केला, त्याची ही टिपणे आहेत.

काचेच्या सपाट पृष्ठभागावर चार करड्या छटा दिसल्या की डोळा तिथे उंचवटा का पाहतो, हा प्रश्न मानसशास्त्रात जुना आहे. मूळचे तमिळनाडूचे असलेले मज्जाशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याची फार सुबोध उकल आहे. वर उजळ आणि खाली गडद अशा छटेचे वर्तुळ आपल्याला फुगीर दिसते. तेच वर्तुळ उलटे केले, म्हणजे वर गडद आणि खाली उजळ केले, की ते खळग्यासारखे दिसू लागते. उजेड वरून येतो आणि संपूर्ण दृश्याला उजेडाचा उगम एकच असतो, ही दोन गृहीतके आपली दृष्टी आपल्याला न विचारता वापरत असते. सूर्याखाली वाढलेल्या डोळ्यांची ती सवयच आहे. हे स्वतः पाहायचे असेल तर उठावदार बटणाचे एखादे चित्र फोनवर उघडावे, पडदा आपोआप फिरण्याची सोय बंद करावी आणि फोन उलटा धरावा. बटणाचा खड्डा झालेला दिसेल.

या दोन गृहीतकांवर आमच्या कामाचा निम्मा भाग उभा आहे. बटणाची वरची कड किंचित उजळ आणि खाली सावली असेल तर ते वर आलेले दिसते. मजकूर भरायच्या चौकटीत वरच्या कडेला आतून सावली दिली तर ती चौकट भांड्यासारखी रिकामी दिसते आणि तिच्यात काहीतरी भरायचे आहे हे सांगावे लागत नाही. मात्र एका पडद्यावर एका वस्तूची सावली खाली, दुसरीची उजवीकडे आणि तिसरीची चारही बाजूंना सारखी पडली, तर पाहणाऱ्याला चूक कुठे आहे हे सांगता येत नाही, पण पडदा गबाळा वाटतो. ठिकठिकाणांहून उचललेली चिन्हे एकत्र आणली की हे हमखास घडते.

माझे मामा कोल्हापुरात दुकानांच्या पाट्या रंगवत असत. शाळेच्या सुट्टीत त्यांच्या हाताखाली डबे धरायला मी जात असे, आणि एकदा सरावाच्या फळीवर मी एका अक्षराला डावीकडे, दुसऱ्याला उजवीकडे सावली दिली तेव्हा त्यांनी ब्रश काढून घेतला होता. “उजेड कुठनं येतोय ते आधी ठरीव, मग सावली काढ,” एवढेच ते म्हणाले होते. देवनागरी अक्षराला सावली देणे रोमन अक्षरापेक्षा अवघड का आहे, हेही मी तिथेच पाहिले. शिरोरेषेची सावली खाली पडते ती थेट अक्षराच्या पोटात. दाट वळणांच्या अक्षरांतील मोकळी जागा तिने बुजते आणि उकार-ऊकार अक्षराच्या सावलीत हरवतात. मामा त्यामुळे शिरोरेषेची सावली नेहमी बारीक ठेवत आणि खालच्या काना-वेलांटीची जाड करत. चार फुटी पाटीवर हा तोडगा चालतो. फोनवर चौदा-पंधरा डीपी (डीपी म्हणजे साधारणपणे इंचाचा एकशेसाठावा भाग) उंचीच्या मराठी मजकुराला संगणकाने सरसकट दिलेली सावली मात्र केवळ घाण करते. छायाचित्रावर अक्षरे ठेवायची वेळ आली तर आम्ही अक्षरांना सावली न देता छायाचित्राचा तेवढा भाग गडद करतो.

उजेडाचा उगम एकच हवा, ही गोष्ट कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने फार मोठ्या प्रमाणावर हाताळली होती. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) चित्रपटाकडे वळण्यापूर्वी नाटकांचे पडदे रंगवत. रंगवलेल्या पडद्यावर खांबांची सावली चित्रकाराने एकदाच ठरवून टाकलेली असते. त्याच्यापुढे खरा नट उभा राहिला आणि त्याच्यावर खरा उजेड पडला, की नटाची सावली एकीकडे आणि खांबांची दुसरीकडे, असा विसंवाद होण्याची शक्यता असतेच. रंगमंचावर प्रेक्षक ते चालवून घेतात. कॅमेरा चालवून घेत नाही. कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढल्यावर बाबूरावांनी रंगवलेल्या पडद्यांऐवजी खरी लांबी-रुंदी-खोली असलेले देखावे उभारले, आणि ‘सिंहगड’ (१९२३) या मूकपटात कृत्रिम प्रकाश वापरला. पडदे रंगवण्यात ज्याचा हात बसलेला होता त्यानेच पडदा सोडून द्यावा, याचे मला नेहमी कौतुक वाटते. अ‍ॅपच्या क्षेत्रातही असेच स्थित्यंतर झाले, फक्त ते फार घाईने झाले आणि मध्ये एक वळण चुकले, असे माझे मत आहे.

२००७ साली आयफोन आला तेव्हाचे पडदे म्हणजे रंगवलेले देखावेच होते. पुढे काही वर्षांत चामड्याची शिवण, लाकडी फळ्या, पिवळ्या कागदाच्या वह्या असा सगळा बारदाना फोनवर अवतरला, आणि प्रत्येक चित्रातली सावली त्या चित्रातच कायमची रंगवलेली असे. मायक्रोसॉफ्टने २०१० च्या विंडोज फोनमध्ये हे सारे पुसून केवळ सपाट रंग आणि मोठी अक्षरे ठेवली. २०१३ च्या आयओएस ७ मध्ये अ‍ॅपलनेही तीच दिशा धरली आणि बहुतेक बटणांची चौकटसुद्धा काढून टाकली. रंगीत अक्षर म्हणजे बटण, हा संकेत तेव्हा रूढ झाला. ज्यांना त्याआधीच्या सहा वर्षांत फुगीर बटणे दाबायची सवय झाली होती त्यांना तो संकेत सहज उमगला. आमच्या रांगेतील ज्या लोकांच्या हाती पहिला स्मार्टफोन चार-पाच वर्षांपूर्वीच आला, त्यांना ती मधली शिकवणी कधी मिळालीच नाही. वळण चुकले असे मी म्हणते ते या अर्थाने.

जून २०१४ मध्ये गूगलने ‘मटेरियल डिझाइन’ मांडले आणि सावलीला पहिल्यांदा हिशेब आला. पडद्यावरची प्रत्येक वस्तू म्हणजे एक डीपी जाडीचा कागद आहे, तो जमिनीपासून ठरावीक उंचीवर तरंगतो, आणि त्याची सावली चित्रकाराने रंगवायची नसून त्या उंचीवरून यंत्रणेने काढायची आहे, अशी ती कल्पना होती. त्या वेळच्या नियमांत कार्ड २ डीपीवर, वरची पट्टी ४ वर, तरंगते गोल बटण ६ वर, बाजूने सरकत येणारा कप्पा १६ वर आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ न देणारी चौकट, म्हणजे डायलॉग, २४ डीपीवर होता. आकड्यांपेक्षा त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. जे जितके तातडीचे आणि जितके थोडा वेळ टिकणारे, ते तितके वर. माझ्या पहिल्या आवृत्तीतील कार्डांची उंची ८ डीपी होती, म्हणजे निव्वळ माहिती सांगणाऱ्या दोन कार्डांना मी तरंगत्या बटणाच्याही वर नेऊन बसवले होते.

अँड्रॉइडमध्ये ही सावली दोन उजेडांनी बनते: एक ठरावीक दिशेने येणारा मुख्य उजेड आणि दुसरा सगळीकडून झिरपणारा सौम्य उजेड. पहिल्यामुळे वस्तूच्या खालच्या बाजूला दिशा असलेली सावली पडते आणि दुसऱ्यामुळे चारही कडांना हलकी धूसर किनार मिळते. गंमत अशी, की मुख्य दिवा पडद्याच्या वरच्या कडेच्या मध्याजवळ टांगलेला आहे असे यंत्रणा मानते. त्यामुळे एकाच उंचीची दोन बटणे पडद्याच्या माथ्याला आणि पायथ्याला ठेवली तर पायथ्याच्या बटणाची सावली अधिक खाली सरकलेली दिसते. आमच्यातल्या एकाने हा दोष समजून त्यावर अर्धा दिवस घालवला होता. शिवाय वस्तूला पार्श्वभूमी किंवा बाह्यरेषाच नसेल तर अँड्रॉइड सावली काढत नाही, आणि ती वस्तू ज्या बाहेरच्या चौकटीत बसवली आहे तिने कडा कापल्या तर सावलीही कापली जाते. ‘उंची दिली, पण सावली दिसत नाही’ या तक्रारीचे कारण बहुधा या दोहोंपैकी एक असते.

आयफोनवर उंची ही संकल्पनाच नाही. तिथे सावलीचे अंतर, धूसरपणा, रंग आणि गडदपणा आपणच सांगायचा असतो. न सांगितल्यास अंतराचे मूळ मूल्य उणे तीन धरले जाते, म्हणजे सावली चक्क वरच्या बाजूला पडते. मॅक संगणकांवर उभा अक्ष खालून वर मोजतात, त्या हिशेबाचा हा अवशेष आहे. उजेड जमिनीतून येत असल्यासारखी ही सावली मी अनेक अ‍ॅपमध्ये तशीच राहिलेली पाहिली आहे. दुसरा मुद्दा वेगाचा आहे. सावलीचा आकार कोणता हे आपण शॅडोपाथ देऊन आधीच सांगितले नाही, तर फोनला तो त्या थरातील मजकुरावरून स्वतः शोधावा लागतो. सेकंदाला साठ चित्रे दाखवायची म्हणजे एका चित्रासाठी सोळा मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ मिळतो. लांब यादी सरकवताना प्रत्येक ओळीच्या सावलीसाठी हा शोध चालू राहिला की यादी अडखळू लागते.

यादीचा विषय निघालाच आहे, तर दहा दिवसांच्या बिलाविषयी सांगते. दिवसाला दोन संकलने धरली तर बिलात वीस नोंदी होतात. त्या मी वीस स्वतंत्र कार्डांत मांडल्या होत्या आणि प्रत्येकाला सावली दिली होती. पडदा मंगलोरी कौलांच्या छपरासारखा दिसत होता. सावली ही वेगळेपण दाखवण्यासाठी असते, आणि वीसच्या वीस नोंदी जर एकाच बिलाच्या असतील तर त्यांना एकमेकींपासून सुटे करण्यात काही अर्थ नाही. आता ते बिल खतावणीच्या पानासारखे एकसंध आहे आणि नोंदींमध्ये केवळ बारीक रेषा आहेत. यामुळे एका पडद्यावर पूर्वीपेक्षा तीन नोंदी अधिक मावल्या, जी गोष्ट कोणत्याही सावलीपेक्षा लोकांना जास्त आवडली.

सावली कशी काढायची याबाबत आमचा अनुभव असा, की एकाच थराची सावली नेहमी खोटी वाटते. टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाकडे पाहिले तर कडेला लागून अरुंद, गडद रेघ दिसते आणि तिच्यापलीकडे विरत जाणारी फिकट छाया दिसते. आम्ही तसेच दोन थर देतो: एक डीपी खाली सरकलेला, दोन डीपी धूसर आणि वीस टक्के गडद असा पहिला, चार डीपी खाली, बारा डीपी धूसर आणि आठ टक्के गडद असा दुसरा. वस्तू जसजशी वर जाईल तसतसे अंतर आणि धूसरपणा वाढला पाहिजे आणि गडदपणा कमी झाला पाहिजे. बरेच जण उंची दाखवण्यासाठी गडदपणाच वाढवतात, आणि मग वस्तू वर न जाता तिच्याखाली शाई सांडल्यासारखे दिसते. रंगही निव्वळ काळा नको. सावलीतल्या जागेवर आजूबाजूचा उजेड पडतच असतो, त्यामुळे तिथे त्या पृष्ठभागाचाच रंग अधिक गडद होऊन दिसतो. आमची पार्श्वभूमी दुधाळ पिवळसर आहे, म्हणून सावलीत थोडा तपकिरी रंग मिसळला आहे.

एका बाबतीत आम्ही गूगलचे ऐकले नाही. त्यांच्या मूळ नियमांत उठावदार बटण दाबले की २ डीपीवरून ८ डीपीवर येते. कागद बोटाला भेटायला वर येतो, अशी ती कल्पना आहे. कल्पना काव्यात्म आहे. पण संस्थेतील इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याचे बटण, घरातील घंटी, हिशेबाचे कॅलक्युलेटर यांपैकी कुठलेही बटण दाबल्यावर वर येत नाही. आमचे बटण दाबले की सावली आकसते आणि बटण एक डीपी खाली बसते. बोटाखाली झाकला जाणारा हा बदल दिसतो तरी का, अशी शंका गटात निघाली होती. बटण पडद्याच्या रुंदीइतके असल्यामुळे दोन्ही टोकांना तो दिसतो, हे शेवटी फोन हातात धरूनच पटले.

एवढे सगळे नीट जमवल्यावरही मे महिन्यातल्या उन्हाने आमचा हिशेब मोडला. संस्थेच्या ओट्यावर, भर उन्हात, स्वस्त फोनच्या पडद्यावर आठ टक्के गडद सावली अजिबात दिसत नाही. दुधाळ पार्श्वभूमीवरचे पांढरे कार्ड आणि त्याची सावली या तिन्हींचा मिळून एकच पांढरा झोत होतो. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या नियमावलीत, म्हणजे डब्ल्यूसीएजीच्या २०१८ मधील २.१ या आवृत्तीत, मजकूर नसलेल्या पण काम करण्यासाठी ओळखू येणे आवश्यक असलेल्या भागांचा शेजारच्या रंगाशी किमान ३:१ इतका फरक असावा, असा निकष आहे. मऊ सावली या कसोटीला जवळजवळ कधीच उतरत नाही. २०१९ च्या शेवटी ‘न्यूमॉर्फिझम’ नावाची टूम निघाली होती, जिच्यात बटण आणि पार्श्वभूमी एकाच रंगाची असत आणि एका बाजूची उजळ व दुसऱ्या बाजूची गडद सावली हीच काय ती ओळख. चित्र म्हणून ते सुंदर दिसे. ओट्यावर उभे राहून ते वापरायची वेळ मात्र ते काढणाऱ्यांवर कधी आली नसावी. आता ‘दहा दिवसांचे बिल पाहा’ हे बटण गडद हिरव्या भरीव रंगाचे आहे. सावली त्याच्याखाली आहेच, पण ती गेली तरी बटण उरते.

सावलीचा दुसरा शत्रू अंधार आहे. पहाटेच्या संकलनासाठी लोक चार-साडेचारला उठतात आणि त्यातल्या अनेकांनी फोनवर डार्क थीम लावलेली असते. काळ्या जमिनीवर काळी सावली पडणार तरी कुठे? गूगलने यावर काढलेला तोडगा मला तर्कशुद्ध वाटतो. जमीन पूर्ण काळी न ठेवता १२१२१२ या क्रमांकाची गडद करडी ठेवायची, आणि वस्तू जितकी वर तितका तिच्यावर पांढऱ्या रंगाचा थर वाढवत न्यायचा: १ डीपीला ५ टक्के, ४ डीपीला ९ टक्के, ८ डीपीला १२ टक्के, २४ डीपीला १६ टक्के. जो कागद वरच्या दिव्याच्या जवळ तो जास्त उजळ, असे त्यामागचे कारण. मटेरियल डिझाइनच्या २०२१ मधील तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी उजेडी थीमलाही हाच मार्ग लावला, सावलीपेक्षा रंगछटेवर भर दिला आणि ०, १, ३, ६, ८ व १२ डीपी अशा सहाच पातळ्या ठेवल्या.

अ‍ॅपलने २०२५ मध्ये आणलेल्या ‘लिक्विड ग्लास’मध्ये सावलीची जागा काचेने घेतली आहे, खालचे दृश्य वाकवून दाखवणारी पट्टी आपोआपच वरची ठरते. ते पाहायला मला आवडते. पण आकडे वाचायच्या पडद्यावर, ज्याच्या खालून आकडेच सरकत आहेत अशी पारदर्शक पट्टी मी ठेवणार नाही.

आमच्या अ‍ॅपमध्ये सध्या तीनच पातळ्या आहेत: जमीन, बटण आणि डायलॉग. वरच्या पट्टीला एरवी सावली नसते; यादी तिच्याखालून सरकू लागली की सावली उमटते आणि यादी मूळ जागी आली की विरते, कारण सांगण्यासारखे तेव्हाच काही असते. पहिल्या दिवशीची ती दोन कार्डे आता जमिनीला टेकली आहेत. त्यांना बारीक करडी चौकट आहे आणि दिवसा ती कुणीही दाबत नाही.

पहाटेची गोष्ट वेगळी आहे. डार्क थीममध्ये कार्डे उठून दिसावीत म्हणून मी त्यांना ५ टक्क्यांची उजळ छटा दिली होती. गेल्या महिन्यात पुन्हा त्याच संस्थेत पहाटे पाच वाजता गेले, तर तेच आजोबा कॅन खाली ठेवून, फोन डोळ्यांजवळ धरून, सकाळच्या कार्डावर अंगठा दाबत होते. मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले, “रात्रीचं ह्ये परत वर येतंय बघा.” पुढच्या आवृत्तीत ती छटाही काढून टाकली आहे.